दोन इनपुटच्या इंटरफेसवर अख्खं भजनी मंडळ: इनपुट वाढवायचे कसे

घरच्या रेकॉर्डिंगची सुरुवात बहुतेकांची दोन इनपुटच्या इंटरफेसवरच होते, म्हणजे माइकचा आवाज संगणकात नेणाऱ्या छोट्या डब्यावर. एक माइक, एक गिटार किंवा कीबोर्ड, तेवढ्यात काम भागतं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे मात्र ते फार दिवस भागत नाही. तुमच्याकडे माइक आणि लॅपटॉप आहे असं गल्लीत कळलं की कुणीतरी दारात येतंच, "आमच्या मंडळाचे चार अभंग रेकॉर्ड करून दे की गा." आणि मंडळ म्हणजे बुवा, पेटी, पखवाज, तबला, शिवाय सात-आठ टाळकरी. दोन भोकांत हे सगळं बसवायचं कसं?

हा लेख अशा नवख्यांसाठी आहे. आहे तो इंटरफेस न विकता त्याचे इनपुट कसे वाढवता येतात, कोणता मार्ग कुणाला परवडतो आणि कुठे पैसे वाया जातात, ते क्रमाने सांगतो.

आधी मोजणी

कागद घ्या आणि एकाच वेळी किती माइक लागतील ते लिहा. "एकाच वेळी" हे महत्त्वाचं. गाणं तुकड्यातुकड्यांनी करायचं असेल, म्हणजे आज गिटार, उद्या आवाज, परवा बासरी, तर दोन इनपुटवर पन्नास ट्रॅकचंही गाणं होतं. तिथे काहीच विकत घ्यायची गरज नाही.

भजनाला हे जमत नाही. अभंग संथ सुरू होतो आणि गजरापर्यंत लय चढत जाते. ती कुणी ठरवून चढवत नाही, पखवाज, टाळ आणि बुवा एकमेकांकडे बघत चढवतात. क्लिकवर, म्हणजे हेडफोनमधल्या ठोक्यांवर, पखवाज आधी वाजवून घेतला आणि टाळ नंतर भरले, तर सगळं तालात बसेल, पण भजन वाटणार नाही. त्यामुळे सगळे एकत्र बसले पाहिजेत आणि सगळ्यांचं एकदम रेकॉर्ड झालं पाहिजे.

माझी नेहमीची यादी अशी असते: बुवांना एक माइक, पेटीला एक, पखवाजाला दोन, तबल्याला दोन, टाळकऱ्यांच्या दोन बाजूंना मिळून दोन. झाले आठ. तबला नसेल तर सहा. आठाच्या वर जायची वेळ क्वचित येते. प्रत्येक टाळकऱ्याला वेगळा माइक हा हट्ट असेल तर तो सोडा. टाळाचा आवाज तसाही खोलीतल्या प्रत्येक माइकमध्ये शिरतोच.

आणि एक गोष्ट खरेदीच्या आधीच करून बघा. आहेत त्याच दोन इनपुटवर दोन माइक लावा, मंडळासमोर सहा-सात फुटांवर, छातीच्या उंचीला, आणि एक अभंग घ्या. माणसं पुढेमागे सरकवून तोल साधा. लहान देवळात, दगडी किंवा सारवलेल्या जमिनीवर हे कधी कधी इतकं छान येतं की पुढचा खर्च टळतो. अडचण एवढीच, की नंतर पेटी वाढवा, टाळ कमी करा म्हटलं तर काही करता येत नाही. आणि ते कुणीतरी म्हणतंच.

इंटरफेसची पाठ बघा

आता इंटरफेस उलटा करा. पुढच्या बाजूची दोन भोकं तुम्हाला माहीत आहेत. मागच्या बाजूला काय आहे ते बरेच जण वर्षभर बघत नाहीत.

मागे जॅकची जादा भोकं दिसली आणि त्यांवर "लाइन इन ३-४" असं काही लिहिलं असेल, तर ते लाइन इनपुट. तिथे माइक थेट लावून उपयोग नाही. माइकचा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो आणि लाइनचा एक व्होल्टच्या आसपास, त्यामुळे मध्ये सिग्नल मोठा करणारा प्रीअ‍ॅम्प लागतो.

टीव्हीच्या जुन्या पिनेसारखं गोल भोक असेल तर तो कोअ‍ॅक्स एसपीडीआयएफ. ती डिजिटल आवाजाची जोडणी, आणि त्यातून दोनच चॅनेल येतात.

आणि झाकण असलेलं लहान चौकोनी भोक दिसलं, तर खूश व्हा. तो ऑप्टिकल इनपुट आहे. त्यावर किंवा माहितीपुस्तिकेत "एडॅट" असं लिहिलेलं असेल, तर त्या एका भोकातून आठ चॅनेल आत येतात. नुसतं "एसपीडीआयएफ" लिहिलं असेल तर दिसायला भोक तेच, पण चॅनेल दोन. काही इंटरफेसमध्ये दोन्ही चालतं आणि त्यांच्या कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये निवड करावी लागते.

दुकानात फसगत होते ती आकड्यांवरून. फोकसराइटच्या स्कारलेट १८आय२० च्या नावात १८ इनपुट आहेत, बेहरिंगरच्या यूएमसी१८२० च्या नावातही १८ आहेत. पण त्या यंत्रांना थेट अठरा माइक जोडता येत नाहीत. अंगची ८, ऑप्टिकलची ८ आणि एसपीडीआयएफची २ अशी ती बेरीज आहे. ऑप्टिकलला बाहेरून काही जोडलं नाही तर त्यातले आठ रिकामेच राहतात. उलट ऑडियंटचा आयडी१४ दिसायला दोन माइकचा छोटासा डबा, पण मागे ऑप्टिकल इनपुट असल्यामुळे तो दहा चॅनेलपर्यंत जातो. स्कारलेट २आय२, मोटूचे एम२ आणि एम४, बेहरिंगरचा यूएमसी२०४एचडी यांना ऑप्टिकल नाही. हे इंटरफेस वाईट आहेत असं नाही, पण त्यांची वाढ मर्यादित आहे, आणि ते आधी कळलेलं बरं.

ऑप्टिकल नसेल तर

मागे दोन लाइन इनपुट असतील, उदाहरणार्थ एम४ मध्ये, तर एक छोटा अ‍ॅनालॉग मिक्सर कामाला येतो. गणपतीत मांडव घालणाऱ्या साऊंडवाल्याकडे असा मिक्सर पडून असतोच, एका दिवसापुरता मागितला तर देतात. मिक्सरचा मुख्य आउटपुट, डावा आणि उजवा, इंटरफेसच्या ३ आणि ४ मध्ये घाला.

आता इथे एक युक्ती आहे. मिक्सरवर पखवाजाचा माइक पॅनच्या (डावं-उजवं ठरवणाऱ्या) बटणाने पूर्ण डावीकडे आणि टाळांचा माइक पूर्ण उजवीकडे फिरवा. पखवाज फक्त ३ वर येतो, टाळ फक्त ४ वर. म्हणजे दोन सुटे ट्रॅक मिळाले. बुवा आणि पेटी इंटरफेसच्या स्वतःच्या १ आणि २ वर. चार सुटे ट्रॅक, आणि नवी खरेदी फक्त दोन जॅक केबलची.

मिक्सरवर प्रत्येक चॅनेलला "इन्सर्ट" असं भोक असेल तर तिथूनही सुटा सिग्नल काढता येतो. साधी मोनो पिन पहिला खटका लागेपर्यंतच आत ढकलायची, पूर्ण नाही. मग मिक्सरचं काम न तुटता प्रीअ‍ॅम्पचा सिग्नल बाहेर येतो. पिन अर्धवट असल्यामुळे केबलला धक्का लागला की ती निसटते. चिकटपट्टी लावून ठेवा.

आठ माइक मिक्सरवर एकत्र करून स्टिरिओ काढणं हाही एक मार्ग आहे. पण तो मिक्स कायमचा. रेकॉर्डिंगच्या वेळी हेडफोनवर पखवाज जास्त ऐकू आला म्हणून कमी केलात आणि घरी येऊन कळलं की तो पखवाज समोर प्रत्यक्ष वाजत असल्यामुळे मोठा वाटत होता, तर उपाय नाही. हाताला आणि कानाला सवय असलेल्या साऊंडवाल्याला हे जमतं. नवख्याने या वाटेला जाऊ नये असं माझं मत.

यूएसबी मिक्सर विकत घ्यायचा विचार असेल तर एकच प्रश्न विचारा: यूएसबीवरून संगणकाला किती चॅनेल सुटे जातात? बारा चॅनेलचा मिक्सर, यूएसबीचं भोक, आणि लॅपटॉपवर फक्त स्टिरिओ, असे मिक्सर बाजारात पुष्कळ आहेत. सुटे चॅनेल देणारे वेगळे. बेहरिंगरचा एक्सआर१८ अठरा चॅनेल सुटे देतो, साऊंडक्राफ्टचा सिग्नेचर १२ एमटीके चौदा. मंडळाचे कार्यक्रमही तुम्हीच सांभाळणार असाल तर असा मिक्सर घेणं शहाणपणाचं, कारण स्टेजवर आणि घरात एकच यंत्र चालतं. तेव्हा जुना इंटरफेस विकून टाका. दोन्ही एकत्र चालवायच्या भानगडीत पडू नका.

त्या भानगडीबद्दल थोडं. "माझ्याकडे दोन इनपुटचा एक आहे, मित्राकडे तसाच आणखी एक. दोन्ही लॅपटॉपला लावले की चार झाले ना?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. मॅकवर "ऑडिओ मिडी सेटअप"मध्ये अ‍ॅग्रिगेट डिव्हाइस करून, दुसऱ्या इंटरफेसला ड्रिफ्ट करेक्शन (घड्याळातला फरक भरून काढणारी सोय) लावून हे जमतं. तात्पुरत्या गरजेला ठीक. विंडोजवर बहुतेक रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर एका वेळी एकच एएसआयओ ड्रायव्हर (इंटरफेस आणि सॉफ्टवेअर जोडणारा प्रोग्राम) घेतं, त्यामुळे तिथे गाडी सुरुवातीलाच अडते. आणि ओढूनताणून जमवलंच तरी दोन्हींची आतली घड्याळं वेगळी. ते घड्याळाचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण ऑप्टिकलच्या मार्गातही सगळे तिथेच अडखळतात.

घड्याळ एकच हवं

डिजिटल यंत्र आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने घेतं. या आकड्याला सॅम्पल रेट म्हणतात, इथे तो ४८ किलोहर्ट्झ. "आता घे, आता घे" हे सांगणारं एक स्फटिकाचं घड्याळ यंत्रात असतं, त्याला क्लॉक म्हणतात. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी कधीच नसतात. समजा फरक दहा लाखांत फक्त वीस भागांचा आहे. दहा मिनिटांच्या अभंगात दोन्ही ट्रॅक १२ मिलिसेकंदांनी सरकतात, तासाभराच्या कीर्तनात ७२ मिलिसेकंदांनी. एकाच बैठकीत दोन पखवाजी आपापल्या मनाच्या लयीत वाजवायला लागले तर जे होईल, तेच.

म्हणून नियम असा, की कितीही डबे जोडा, घड्याळ एकाचंच चालेल आणि बाकीचे त्याच्यामागे चालतील. जो लय देतो तो मास्टर. वेगळ्या रेकॉर्डरवर किंवा मोबाईलवर रेकॉर्ड करून, टाळी वाजवून नंतर जुळवायचं हा मार्गही याच कारणाने लांब कार्यक्रमात त्रास देतो. सुरुवातीची टाळी जुळते, शेवटचा गजर जुळत नाही.

ऑप्टिकलचा मार्ग, पायरीपायरीने

तुमच्या इंटरफेसला एडॅटचं भोक असेल तर माझ्या मते दुसरा विचारच करू नये. एडॅट हे नाव अलेसिस कंपनीच्या यंत्राचं. १९९१ मध्ये जाहीर झालेलं ते यंत्र एस-व्हीएचएस कॅसेटवर आठ ट्रॅक रेकॉर्ड करायचं. यंत्र आणि कॅसेट दोन्ही इतिहासजमा झाली, पण आठ चॅनेल एका प्रकाशाच्या तारेतून पाठवण्याची त्याची पद्धत आजही जशीच्या तशी चालू आहे.

*यंत्र निवडा.* तुम्हाला हवा तो आठ माइक प्रीअ‍ॅम्प आणि एडॅट आउटपुट असलेला डबा. बेहरिंगरचा एडीए८२०० आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतो, कारण तो स्वस्त. फोकसराइटचे ऑक्टोप्री महाग, पण जुने मिळतात. एडीए८२०० हा ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झवरच चालतो. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. ९६ किलोहर्ट्झवर गेलात तर एका ऑप्टिकल तारेतून आठाऐवजी चारच चॅनेल जातात. भजनासाठी ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट भरपूर झालं.

जुना डबा घेत असाल तर तो चालू करून आठही भोकांत माइक लावून बघा, आणि ऑप्टिकल आउटपुटमध्ये लाल प्रकाश दिसतो का तेही बघा. विकणारा "केबल नाहीय साहेब" म्हणाला तर तुमची घेऊन जा.

*केबल.* म्युझिकच्या दुकानात मिळाली नाही तर टीव्ही-होम थिएटरच्या दुकानात विचारा. साऊंडबारला लागते तीच ऑप्टिकल केबल. दीड-दोन मीटरची घ्या. दहा मीटरच्या पुढे साध्या प्लॅस्टिकच्या केबलवर विसंबू नये. या केबलला घडी घालायची नाही, खुर्चीच्या पायाखाली येऊ द्यायची नाही. नव्या केबलच्या दोन्ही टोकांवर बारीक पारदर्शक टोप्या असतात. त्या न काढता लावली की आत जात नाही, आणि मग लोक जोर करून भोकाचं झाकण मोडतात.

*जोडणी.* प्रीअ‍ॅम्पचा आउट, इंटरफेसचा इन. हे उलट होणं फार सोपं आहे, कारण चारही भोकं सारखीच दिसतात. आधी प्रीअ‍ॅम्पमध्ये एक टोक घाला, डबा चालू करा आणि दुसरं टोक तळहातासमोर धरा. लाल ठिपका पडला तर तार आणि आउट दोन्ही बरोबर. मग ते टोक इंटरफेसमध्ये. काचतंतू किंवा प्लॅस्टिकमधून नुसता प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे या जोडणीतून अर्थिंगची घरघर येत नाही. गावातल्या वायरिंगचा अनुभव असलेल्याला याची किंमत कळेल.

*घड्याळ लावा.* सगळ्यात सोपी रीत अशी: प्रीअ‍ॅम्पवरचा सिंकचा खटका "इंटर्नल ४८" वर ठेवा. इंटरफेसच्या कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये क्लॉक सोर्स "इंटर्नल" असतो तो बदलून "एडॅट" किंवा "ऑप्टिकल" करा, आणि सॅम्पल रेट ४८ च ठेवा. म्हणजे डबा मास्टर झाला आणि इंटरफेस त्याच्यामागे. "लॉक" किंवा "सिंक" असं काही हिरवं दिसलं की झालं.

दुसरी रीत, इंटरफेसला मास्टर ठेवायचं असेल तर दुसरी ऑप्टिकल केबल घ्या, इंटरफेसच्या आउटपासून प्रीअ‍ॅम्पच्या इनपर्यंत, आणि प्रीअ‍ॅम्पचा खटका "एडॅट" वर करा. आयडी१४ सारख्या इंटरफेसला ऑप्टिकल इनच आहे, आउट नाही. तिथे पहिली रीतच चालते. दोन्ही यंत्रांना वर्ड क्लॉकचं गोल बीएनसी भोक असेल तर ७५ ओहमच्या केबलनेही घड्याळ देता येतं, पण दोन डब्यांसाठी तेवढा खटाटोप कशाला?

पहिली रीत वापरलीत तर एक लक्षात ठेवा. काम संपल्यावर प्रीअ‍ॅम्प कपाटात ठेवला आणि क्लॉक सोर्स "एडॅट" वरच राहिला, तर दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवर साधं गाणंसुद्धा वाजत नाही किंवा तुटत वाजतं. इंटरफेस बिघडलेला नसतो. तो न येणाऱ्या लयीची वाट बघत असतो. परत "इंटर्नल" करा.

*सॉफ्टवेअर.* मी रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगतो, बाकीकडेही तसंच. प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओ, मग डिव्हाइस. ड्रायव्हर एएसआयओ, तुमच्या इंटरफेसचा. खाली पहिला आणि शेवटचा इनपुट विचारतो तिथे शेवटचा पूर्ण टोकाचा निवडा, नाहीतर एडॅटचे चॅनेल यादीत दिसतच नाहीत. मग आठ ट्रॅक, प्रत्येकाला मोनो इनपुट. एडॅटचा पहिला चॅनेल यादीत कितव्या नंबरवर येतो ते इंटरफेसवर अवलंबून. १८आय२० मध्ये आधी अंगचे आठ, मग एसपीडीआयएफचे ९-१०, आणि एडॅट ११ पासून.

ट्रॅकना आत्ताच नावं द्या: बुवा, पेटी, पखवाज शाई (उजवी पुडी), पखवाज धूम (डावी पुडी). आपल्याकडची मंडळं एकाच बैठकीत मराठी अभंग आणि कन्नड दासांची पदं दोन्ही गातात. फाइलच्या नावातच पदाचं पहिलं अक्षर-दोन अक्षरं आणि भाषा लिहिलीत तर महिन्याने शोधताना डोकं धरावं लागत नाही.

जुन्या लॅपटॉपवर आठ ट्रॅक झेपतील का? झेपतात. दहा चॅनेल, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला साधारण साडेअकरा मेगाबिट, आणि यूएसबी २ ची कमाल क्षमता आहे ४८०. बफर (संगणक आवाज क्षणभर साठवतो तो साठा) ५१२ ठेवा, रेकॉर्डिंगपुरतं वायफाय बंद करा. भजनी मंडळ हेडफोन लावून गात नाही, त्यामुळे मोठ्या बफरने हेडफोनवर उशिरा येणाऱ्या आवाजाचा त्रास कुणालाच होत नाही. जागा मात्र लागते. आठ ट्रॅकचा एक तास म्हणजे सुमारे ४ जीबी. रात्रभराच्या जागराला जायचं असेल तर आधी डिस्क रिकामी करा.

मंडळ यायच्या आधी

निदान तासभर आधी सगळं मांडून एकदा पूर्ण चालवून बघा. प्रत्येक माइकसमोर जाऊन त्याचं नाव घ्या. "हा पेटीचा, हा बुवांचा." मग ऐका, आणि नाव त्याच ट्रॅकवर आलं का बघा. दहा मिनिटं नुसतं रिकामं रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि हेडफोनवर ऐका. मध्येच टिक, टिक असं काही आलं तर घड्याळ चुकलंय.

४८ व्होल्टचा फँटम, म्हणजे केबलमधूनच माइकला जाणारी वीज, ही कंडेन्सर माइकला लागते, डायनॅमिकला नाही. पण बऱ्याच आठ-चॅनेल डब्यांत त्याचं एकच बटण आठही चॅनेलना असतं. साध्या डायनॅमिक माइकला त्याने काही होत नाही. रिबन माइक किंवा कीबोर्डची लाइन तीन पिनांच्या एक्सएलआर केबलने थेट लावलेली असेल तर धोका आहे. कीबोर्ड इंटरफेसच्या स्वतःच्या इनपुटवर घ्या किंवा मध्ये डीआय बॉक्स (कीबोर्डची लाइन माइकच्या पातळीला आणणारा डबा) टाका. फँटम चालू-बंद करताना आवाज पूर्ण खाली.

माइक आणि माणसं

पखवाजाचे दोन्ही माइक एकाच डब्यावर लावा, एक इंटरफेसवर आणि दुसरा प्रीअ‍ॅम्पवर असं करू नका. ऑप्टिकलमार्गे येणारा सिग्नल किंचित उशिरा पोचू शकतो. ४८ किलोहर्ट्झवर ४८ नमुने म्हणजे एक मिलिसेकंद, तेवढ्यात आवाज हवेतून सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. वेगवेगळ्या वाद्यांना याने काही फरक पडत नाही, एकाच वाद्याच्या दोन माइकना पडतो, पखवाज पोकळ वाटायला लागतो. शिवाय दोन पुड्यांचे माइक समोरासमोर असल्यामुळे एका ट्रॅकचं फेजचं (सिग्नल उलटा करणारं) बटण दाबून बघा, आणि ज्यात धूम भरदार येईल ते ठेवा.

डाव्या पुडीवरची कणीक हा वेगळाच विषय. बैठक लांबली, डोक्यावर पंखा असला, की कणीक सुकते आणि धूम चढते. पहिल्या अभंगाचा पखवाज आणि पाचव्या अभंगाचा पखवाज वेगळा ऐकू येतो आणि लोक माइकला दोष देतात. दर दोन अभंगांनी पखवाजवाल्यांना विचारा, "मामा, कणीक बघता काय जरा?" ते स्वतःच पाण्याचा हात लावतील.

टाळकरी बुवांच्या मागे बसतात, आणि मागून येणारा टाळ बुवांच्या माइकमध्ये सरळ शिरतो. अर्धवर्तुळ करून टाळकऱ्यांना बुवांच्या समोर बसवा. बुवांच्या माइकची पाठ टाळांकडे आली की टाळ बराच कमी होतो. दोन माइकमधलं अंतर हे प्रत्येक माइक आणि त्याच्या वाद्यातल्या अंतराच्या निदान तिप्पट असावं. पेटीचा माइक पेटीपासून एक फुटावर, तर शेजारच्या माइकपासून तीन फूट लांब. काही बुजुर्ग मंडळी जागा बदलायला तयार नसतात. तेव्हा वाद घालू नका, माइक जवळ आणा.

आवाजाची पातळी पहिल्या संथ चरणावर लावू नका. मंडळाला एक गजर जोरात करायला सांगा, आणि तेव्हाचं टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. २४ बिटमध्ये कमी पातळी नंतर वाढवता येते, फाटलेला टाळ दुरुस्त होत नाही.

वीज आणि पाऊस

छोटा इंटरफेस बहुधा लॅपटॉपच्याच विजेवर चालतो, पण आठ चॅनेलचा डबा भिंतीच्या विजेवर. हेस्कॉमची, म्हणजे वीज कंपनीची, लाइन गेली की लॅपटॉप चालू राहतो आणि डबा बंद. तो मास्टर असेल तर घड्याळही गेलं, आणि अख्खं रेकॉर्डिंग थांबू शकतं. संगणकाचा साधा यूपीएस डब्याला लावा. घरच्या जुन्या इन्व्हर्टरवर घरघर येत असेल तर लाइन येईपर्यंत चहा घेतलेला बरा. लॅपटॉप शक्यतो बॅटरीवर ठेवा, बाकी सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या.

खानापूर-जांबोटी पट्ट्यात पावसाळ्यात कंडेन्सर माइक उघडे ठेवले तर ओल धरतात आणि चुरचुरतात. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. मंगळुरी कौलांवरचा पाऊस आठ माइकमध्ये आठपट ऐकू येतो. जुलैत अशा घरात रेकॉर्डिंगची तारीख देऊ नका.

अडलं तर

एडॅटच्या ट्रॅकवर काहीच येत नाही: केबलचं टोक डब्याच्या आउटमध्ये आणि इंटरफेसच्या इनमध्येच लागलंय का बघा, मग सॉफ्टवेअरमध्ये ऑप्टिकलचा प्रकार एडॅटवर आहे का, एसपीडीआयएफवर राहिलाय का.

टिकटिक किंवा खरखर येते: दोन्ही डबे "इंटर्नल" वर आहेत. कुणातरी एकाला मागे चालायला लावा.

चारच चॅनेल दिसतात: सॅम्पल रेट ८८.२ किंवा ९६ वर गेलाय.

ऐकताना सगळ्यांची पट्टीच बदललेली वाटते, पेटीच्या मापाने साधारण दीड पट्टी: एकीकडे ४४.१ आहे, दुसरीकडे ४८. दोन्हीकडे ४८ करा आणि पुन्हा घ्या.

आठही चॅनेल भरले आणि तरी पुरेना, तर बघा की तुमच्या इंटरफेसला ऑप्टिकलची दोन इनपुट आहेत का. ऑडियंटच्या इव्हो १६ ला आहेत, म्हणजे त्याला असे दोन डबे जोडता येतात आणि बेरीज चोवीसवर जाते. ढोल-ताशा पथकाचं रेकॉर्डिंग कुणी मागितलं, तर मात्र चोवीस इनपुटच्या मागे लागू नका. ते मैदानात, चार-पाच माइकवर, पथकापासून लांब उभं राहून घ्यायचं काम आहे.